भाजी जोमात, बाग कोमात: आंतरपिकानंतर दरवर्षी त्याच ओळीतली झाडं का बसतात?

तक्रार दरवर्षी साधारण सारखीच असते. एकर-दीड एकराचा तुकडा, त्यात पेरू किंवा अंजीर, बांधाला सीताफळं, विहिरीजवळ दोन-चार लिंबं आणि ओळींच्या मधल्या पट्ट्यात टोमॅटो, वांगी, काकडी, मेथी, कोथिंबीर. पहिली दोन वर्षं झकास जातात. भाजीवर घर चालतं, झाडं फुकटात वाढतात. तिसऱ्या-चौथ्या वर्षी झाडांनी पैसे द्यायची वेळ येते आणि नेमकं तेव्हाच गाडं अडतं. पानं पिवळी पडतात, फळ सुपारीएवढं होऊन थांबतं, खाली जमीन ओली असूनही दुपारी झाड माना टाकतं. दुकानातून एक बुरशीनाशक येतं, एक सूक्ष्म अन्नद्रव्याचा पुडा येतो, वर मुळांसाठी म्हणून ह्युमिक आम्ल. पावसाळ्यात झाड जरा सावरतं, श्रेय औषधाला जातं, आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तीच रड. तीही बहुतेक वेळा त्याच ओळीत.

त्याच ओळीत, ही गोष्ट पकडून ठेवा. वाऱ्यावर येणारा रोग ओळी मोजून येत नाही. दुखणं एका पट्ट्यात किंवा एका कोपऱ्यात ठाण मांडून बसलं असेल, तर ते मातीत आहे किंवा पाण्यात आहे. म्हणून औषधाचं नाव विचारण्याआधी दोन गोष्टी आठवा: त्या झाडाच्या शेजारच्या पट्ट्यात गेल्या दोन-तीन हंगामांत कोणती भाजी होती, आणि तिला पाणी कधी-कसं दिलं होतं. मिश्र बागेत याच दोन प्रश्नांवर निम्म्याहून जास्त निदान होऊन जातं. पुढचं सगळं पुरंदर-सासवडकडच्या मुरमाड आणि हलक्या जमिनी डोळ्यांसमोर ठेवून लिहिलंय. काळ्या भारी रानात पाण्याचे दिवस बदलतील, कारणं तीच राहतील.

आधी कुदळ, मग पंप

पिवळेपणा आधी नीट बघा. खालची जुनी पानं आधी पिवळी पडत असतील तर झाडाला नत्र कमी पडतंय, म्हणजे भाजी वरच्यावर खाऊन जातेय किंवा मुळं काम करत नाहीत. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या, असं असेल तर ते लोहाचं दुखणं. चुनखडीच्या जमिनीत भाजीसाठी रोज पाणी चालू राहिलं की ते वाढतं, कारण मुळांशी हवा खेळत नाही. तिथं फवारणीतून लोह दिलं तर पान हिरवं होतं, पण नवीन येणारं पान पुन्हा पिवळंच येतं. पाण्याची पाळी लांबवली की फरक पडतो.

दोन्हींत बसत नसेल, किंवा दुपारी सुकणं आणि सकाळी ताजंतवानं होणं हा खेळ आठवडाभर चालला असेल, तर उकरा. खोडाजवळ उकरू नका, तिथं जाड मुळं असतात आणि ती काही सांगत नाहीत. झाडाच्या सावलीची कड जिथं पडते तिथं, ठिबकच्या तोटीखाली, वीतभर खोल माती हलकेच सोडवा. हिसका देऊन मूळ ओढलं तर जे बघायचं तेच तुटून मातीत राहतं. बारीक मुळांचा झुपका मातीसकट उचला, बादलीतल्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटं भिजत ठेवा आणि माती आपोआप सुटू द्या.

निरोगी बारीक मूळ पांढरट, एकसारख्या जाडीचं असतं. सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरून जगणारे, डोळ्यांना न दिसणारे बारीक कृमी, असतील तर त्याच मुळाला ठिकठिकाणी फुगवटे दिसतात: कुठं मोहरीएवढे, कुठं एकाला एक लागून माळ झालेली. पेरूवर गाठी मोठ्या आणि वेड्यावाकड्या होतात. डाळिंबावर बारीक असतात आणि घाईत बघितलं तर सुटून जातात. अंजीर तर सूत्रकृमींचं आवडतं झाड.

इथं एक घोटाळा नेहमी होतो. पट्ट्यात वाटाणा, घेवडा किंवा मेथी असेल तर त्यांच्याही मुळांवर गाठी असतात, पण त्या नत्राच्या, कामाच्या गाठी. ओळखायची रीत सोपी आहे. नत्राची गाठ मुळाच्या बाजूला चिकटलेली असते, नखानं सरकवली की सुटते आणि फोडली तर आत गुलाबी दिसते. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच फुगलेलं. ती सोडवायला गेलात तर मूळ तुटतं. घेवड्याच्या एकाच मुळावर दोन्ही प्रकारच्या गाठी सापडू शकतात, म्हणून एक बघून थांबू नका.

अजून शंका असेल तर बादलीची परीक्षा करा. दुखऱ्या झाडाखालची माती एका जुन्या बादलीत, चांगल्या झाडाखालची दुसऱ्या बादलीत, दोन्हींत टोमॅटोची तीन-तीन रोपं. बादल्यांना खाली भोकं पाडा, जागा ऊबदार निवडा. पाच-सहा आठवड्यांनी रोपं उपटून मुळं धुवा. टोमॅटो हे सूत्रकृमींना इतकं मानवणारं पीक आहे की मातीत ते असतील तर गाठी दिसल्याशिवाय राहत नाहीत. या परीक्षेला टोमॅटोचं साधं बी घ्या. सूत्रकृमी-प्रतिकारक संकरित वाण घेतलं तर परीक्षेचा अर्थच उरत नाही.

प्रयोगशाळेत द्यायचं असेल तर नेहमीच्या माती परीक्षणाच्या पाकिटात सूत्रकृमींचा पत्ता लागत नाही. ती तपासणी वेगळी मागावी लागते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात सूत्रकृमींवर काम चालतं, डाळिंबासाठी सोलापूरला राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, आणि जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात नमुना कुठं द्यायचा ते सांगतात. नमुना ओला हवा. मातीच्या वेगवेगळ्या पाच-सहा ठिकाणांहून घेतलेली पावशेर माती आणि सोबत मूठभर बारीक मुळं प्लास्टिकच्या पिशवीत बांधा आणि सावलीत ठेवा. उन्हात वाळवलेल्या किंवा गाडीच्या डिकीत तापलेल्या मातीत जिवंत काहीच उरत नाही आणि अहवाल "निरंक" येतो.

गाठी सापडल्या, आता?

आधी हे समजून घेऊ की भाजीनं नेमकं काय केलं. मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींची एक पिढी ऊबदार जमिनीत साधारण २५ ते ३० दिवसांत पुरी होते, आणि एक मादी दोनशे ते पाचशे अंडी घालते. टोमॅटो किंवा वांगं शेतात चार-पाच महिने उभं असतं. म्हणजे एका हंगामात चार-पाच पिढ्या. रोज पाणी, भरपूर खत, कोवळी मुळं. यापेक्षा चांगली सोय त्यांना कोण करणार? टोमॅटो संपला, वरून झाड कापून टाकलं, मुळं मात्र जमिनीतच ठेवली. आता हा सगळा कळप जवळच्या जिवंत मुळाकडे वळतो, आणि ते मूळ तुमच्या पेरूचं किंवा अंजिराचं असतं. टोमॅटोनं स्वतः फारसा त्रास दाखवलाही नसेल. चांगलं उत्पन्न देऊन गेला असेल. म्हणून कोणी त्याच्यावर संशय घेत नाही.

टोमॅटो, वांगी, भेंडी, काकडी, दोडका, कारलं, दुधी ही सगळी त्याच पंगतीतली. मिरचीत वाणावाणाप्रमाणे कमी-जास्त. प्रतिकारक टोमॅटोचं बी मिळतं, पण त्यातल्या प्रतिकारक गुणाला जमिनीचं तापमान २८ अंशांच्या वर गेलं की धार राहत नाही. आपल्या उन्हाळी टोमॅटोखाली माती किती तापते ते सांगायला नको. त्या पाकिटावरच्या ओळीला हिवाळ्यात किंमत द्या, मार्च-एप्रिलला नको.

सूत्रकृमी एकटे झाड क्वचितच मारतात. ते दार उघडतात. त्यांनी केलेल्या जखमांतून, आणि पट्टा फणताना रोटाव्हेटरनं तोडलेल्या मुळांतून मर रोगाची बुरशी आत शिरते. पेरूत फ्युजॅरियम, डाळिंबात सेरॅटोसिस्टिस. मग एका फांदीची पानं पिवळी, नंतर अर्धं झाड, शेवटी पूर्ण. डाळिंबाचं खोड आडवं कापून बघितलं तर आत तपकिरी-काळपट डाग दिसतात. या टप्प्यावर बुरशीनाशकाची आळवणी करून, म्हणजे ते पाण्यातून मुळाशी ओतून, ते झाड बहुधा वाचत नाही, पण शेजारचं वाचू शकतं.

मग करायचं काय? सगळ्यात स्वस्त काम म्हणजे भाजी संपल्यावर मुळं उपटून बाहेर काढणं. टोमॅटो-वांग्याचं झाड कापू नका, खोऱ्यानं उकरून मुळासकट काढा, बांधावर उन्हात खडखडीत वाळवा आणि जाळा. कंपोस्टच्या खड्ड्यात टाकू नका. मजुरी जाते, पण त्या मुळांत पुढच्या वर्षाचं सगळं बेणं असतं.

दुसरं, निंबोळी पेंड आणि जैविक बुरशी. मोठ्या झाडाला दीड-दोन किलो पेंड, सावलीच्या कडेला ओलाव्यात मातीआड करून. शंभर किलो चांगल्या कुजलेल्या शेणखतात किलो-किलो ट्रायकोडर्मा आणि पॅसिलोमायसिस मिसळून, सावलीत गोणपाटाखाली दोन आठवडे ओलसर ठेवून मग तेच खत झाडाला द्या. पॅसिलोमायसिस सूत्रकृमींच्या अंड्यांवर वाढते. नुसती पावडर पाण्यात कालवून एकदा ओतण्यापेक्षा हे बरंच टिकतं. अट एकच: ओलावा हवा, आणि पुढं-मागं पंधरा दिवस बुरशीनाशकाची आळवणी नको. एका हातानं बुरशी सोडायची आणि दुसऱ्या हातानं तिलाच मारायचं, हा प्रकार सर्रास चालतो.

तिसरं, झेंडू. याबद्दल फार ऐकीव गोष्टी चालतात. टोमॅटोच्या कडेला चार झेंडूची रोपं लावली म्हणून सूत्रकृमी पळत नाहीत. झेंडूच्या मुळांतलं रसायन मुळाच्या आसपासच काम करतं. म्हणून पूर्ण पट्टा दाट झेंडूनं भरलेला हवा, आणि तोही दोन-तीन महिने, मध्ये टोमॅटो न घुसवता. आपल्याकडे हे जमतं, कारण झेंडूला बाजार आहे. जूनअखेर-जुलैला पट्ट्यात झेंडू धरला तर दसरा-दिवाळीला फुलं निघतात. दर पडले तरी पट्टा सुधारलेला असतो. झेंडूत तण मात्र ठेवू नका. तणांच्या मुळांवर सूत्रकृमी मजेत जगतात आणि झेंडूचा सगळा फायदा पाण्यात जातो.

आणि मेथी. मेथीच्या मुळांतही सूत्रकृमी शिरतात, पण आपण मेथी मुळासकट उपटून जुडी बांधतो. पेरल्यापासून पंचवीस-तीस दिवसांत, म्हणजे अंडी घातली जायच्या आत ती शेताबाहेर जाते, आणि आत शिरलेले सूत्रकृमी तिच्याबरोबरच मार्केट यार्डाला जातात. भाव नाही म्हणून मेथी दीड महिना उभी ठेवली, तर मात्र हाच सापळा त्यांचं बाळंतघर होतो. भाव पडला तरी उपटा. पालकाचं उलट आहे. तो कापून घेतो, मूळ जमिनीत राहतं, म्हणून दुखऱ्या पट्ट्यात पालक नको.

रासायनिक सूत्रकृमीनाशकं आहेत. फ्लुओपायराम, फ्लुएनसल्फोन अशी नवी नावं दुकानात मिळतील. घ्यायच्या आधी लेबलवर तुमच्या पिकाचं नाव आणि काढणीआधी किती दिवस थांबायचं ते वाचा. मिश्र बागेत खरी अडचण हीच आहे: पेरूखाली औषध सोडलं आणि त्याच ओलीतली कोथिंबीर चार दिवसांनी उपटून बाजारात नेली, तर ते औषध कोणाच्या ताटात जातं? झाडासाठी जमिनीत औषध सोडायचं असेल तेव्हा पट्टा रिकामा हवा. जुन्या सवयीनं अजून कोणी कोणी थिमेट मागतात. त्यातलं फोरेट ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंद आहे. कोणी देत असेल तरी घेऊ नका.

गाठी नाहीत, तरी बहार फुटत नाही

मुळं स्वच्छ निघाली, झाड हिरवंगार आहे, पण फूल नाही किंवा वर्षभर थोडं थोडं लागतं. एका वेळी माल निघत नाही. ही दुसरी नेहमीची तक्रार, आणि तिचं मूळ शंभरातल्या नव्वद बागांत व्हॉल्व्हशी सापडेल असं माझं मत आहे.

फळझाडाला बहार धरण्याआधी ताण लागतो. पाणी तोडायचं, पानं पिवळी होऊन काही गळू द्यायची, मग छाटणी, खत, पाणी, आणि झाड एकदम फुटतं. भाजीला ताण चालत नाही, तिला रोज नाही तर दिवसाआड पाणी हवंच. दोन्ही ठिबकच्या एकाच सबमेनवर (उपनळीवर), एकाच व्हॉल्व्हवर असतील तर निर्णय भाजीच घेते, कारण भाजी आज मरते आणि झाड पुढच्या वर्षी.

पेरूचं उदाहरण घ्या, कारण त्यात एका चुकीची साखळी पूर्ण दिसते. मृग बहार धरायचा तर उन्हाळ्यात, जमिनीप्रमाणे मार्चपासून मेपर्यंत पाणी तोडतात. जूनच्या पावसावर फूल येतं आणि नोव्हेंबरपासून थंडीतलं गोड, टिकाऊ फळ मिळतं. आता त्याच पट्ट्यात फेब्रुवारीत काकडी लावली. काकडीला मेपर्यंत पाणी. पेरूला ताण बसलाच नाही, उलट खत-पाणी मिळालं. त्यानं फेब्रुवारी-मार्चलाच फूल धरलं, ते फळ जुलै-ऑगस्टला तयार झालं, आणि पावसाळ्यातलं पेरू म्हणजे पचपचीत चव आणि आत अळी. मग तक्रार फळमाशीची होते. फळमाशीवर औषध विचारलं जातं. मुळात चूक काकडीच्या ठिबकमध्ये असते.

व्हॉल्व्ह वेगळे करा हे सगळे सांगतात, आणि ते करायलाच हवं. पण तेवढ्यानं भागत नाही. चार वर्षांच्या पेरूची वरची मुळं भाजीच्या बेडखाली पोचलेली असतात. झाडाची नळी बंद आहे, पण शेजारच्या बेडवर रोज पाणी आणि १९:१९:१९ हे विद्राव्य खत चालू आहे. झाड तिथून पितं. अशा ताणाला अर्थ नाही. झाड ताणावर असताना त्याच्या मुळांच्या टप्प्यातला पट्टा रिकामाच हवा. पहिली दोन-तीन वर्षं, झाड लहान असेपर्यंत, हे बंधन नाही. तेव्हा खोडापासून तीन फूट सोडून काय हवं ते लावा, फक्त टोमॅटो-वांगी नको.

आणि दोन फळझाडं एका व्हॉल्व्हवर नकोत, हे तर लोकांच्या डोक्यातच येत नाही. पुरंदरला अंजिराचा मीठा बहार सप्टेंबर-ऑक्टोबरच्या छाटणीवर धरतात, फळ फेब्रुवारीपासून उन्हाळाभर चालतं. म्हणजे मार्च-एप्रिलला अंजिराला पाणी हवंच. त्याच वेळी शेजारच्या पेरूला मृगासाठी ताण हवा. दोघांना एकाच नळीवर ठेवलं तर एकाचं तरी वाटोळं ठरलेलं. खट्टा बहार, म्हणजे जूनच्या छाटणीचा, धरणाऱ्यांचा हिशेब पुन्हा वेगळा, त्यांना उन्हाळ्यात अंजिराला विश्रांती द्यावी लागते. सीताफळ उन्हाळ्यात पानं टाकून झोपतं. त्याच्या बुडाशी उन्हाळी कोथिंबीर केली तर ते अवेळी जागं होतं, कडक उन्हात फुलतं, आणि कोरड्या हवेत फळधारणा नीट होत नाही. फुलं खाली सडा घालतात आणि लोक म्हणतात, बोरॉन कमी पडलं.

म्हणून कागदावर बारा महिने मांडा आणि प्रत्येक झाडाच्या ताणाचे दिवस आधी भरा. उरलेल्या मोकळ्या जागेत भाजी बसवा. मृग बहाराच्या पेरूत ते साधारण असं बसतं: पावसाळ्यात झेंडू, दिवाळीनंतर कांदा, कोबी किंवा मेथी-कोथिंबीर, फेब्रुवारीअखेर पट्टा मोकळा, मेअखेरपर्यंत काही नाही. उन्हाळ्यातला पैसा देणारा टोमॅटो, काकडी, कारलं यांना झाडं नसलेला, पाच-सहा गुंठ्यांचा वेगळा उघडा तुकडा ठेवा. एवढ्याशा रानात तेवढी जागा मोकळी ठेवणं जिवावर येतं, मान्य. पण तसंही टोमॅटोला झाडाच्या सावलीत फळ कमी लागतं. सावली पडू लागलेल्या पट्ट्यात अळू, हळद, आलं आणि उन्हाळ्याआधीची कोथिंबीर, एवढंच नीट येतं.

सापळे लावले, तरी कारल्यात अळी

हे लहान आहे, पण दरवर्षी विचारलं जातं. पेरूसाठी मिथाइल युजेनॉलचे, म्हणजे फळमाशीला ओढणाऱ्या वासाचे, सापळे टांगलेत, त्यात माश्या खच्चून भरल्यात, तरी शेजारचं कारलं आणि दोडका किडका निघतो. कारण त्या माश्या वेगळ्या आहेत. पेरू-आंब्यावरच्या फळमाशीचे नर मिथाइल युजेनॉलला येतात. वेलवर्गीय भाज्यांवरची फळमाशी त्या वासाकडे ढुंकून बघत नाही, तिला क्यू ल्यूर हा वेगळा वास लागतो. मिश्र बागेत दोन्ही लागतात, आणि दोन्ही औषधं एका डब्यात नकोत. वेगळे डबे, वेगळ्या जागी. एकरी प्रत्येकी चार-पाच. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा "रक्षक" सापळा आंब्यासाठी निघाला, तो पेरूत चालतो, कारल्यात नाही.

दुसरं म्हणजे सापळ्यात फक्त नर येतात. मादी फळात अंडी घालतच राहते. म्हणून पडलेलं फळ रोज वेचायला हवं, आणि वेचलेलं बांधावर फेकायचं नाही. अळी फळातून बाहेर पडून मातीत कोष करते, तुम्ही फक्त तिचा पत्ता बदललेला असतो. जाड प्लास्टिकच्या पिशवीत तोंड बांधून आठवडाभर उन्हात टाका, किंवा दोन फूट खोल पुरा. पेरूला गोटीएवढं असताना फोमची जाळी आणि वर पिशवी चढवली तर सापळ्यांवरची अर्धी भिस्त कमी होते. मजुरी लागते, पण पावसाळी माल हाताशी आलाच असेल तर दुसरा खात्रीचा उपाय नाही.

बाकीच्या किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी

लिंबाच्या खोडावर डिंक येत असेल तर आळ्यात उभं राहणारं पाणी बघा. पट्ट्यातल्या भाजीला पाट सोडला की ते पाणी खोडाला लागतं आणि डिंक्या सुरू होतो. खोडाला माती लावून उंचवटा करा आणि पाणी बाहेरच्या कड्यातून द्या. पावसाळ्याआधी खोडाला तीन फुटांपर्यंत बोर्डो पेस्ट लावा: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. डिंकाची जागा आधी धारदार चाकूनं खरवडून घ्या, खरवडलेली साल गोळा करून जाळा.

पपई आणि वेलभाज्या शेजारी लावू नका. पपईच्या रिंगस्पॉट विषाणूचा पपईवर येणारा प्रकार काकडीवर्गातही राहतो आणि मावा तो काही क्षणांच्या डसण्यात एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो. कीटकनाशकानं मावा मरेपर्यंत त्याचं काम झालेलं असतं, म्हणून फवारण्या वाढवून हा रोग आटोक्यात येत नाही. पट्ट्याभोवती मक्याच्या दोन-तीन दाट ओळी आणि रोगट झाड दिसताच उपटणं, एवढंच हातात आहे. पपईजवळ मिरची-टोमॅटो असेल तर पांढऱ्या माशीमुळं पानं आकसण्याचा रोगही इकडून तिकडं होतो.

रोटाव्हेटरबद्दल वर आलंच. फळ धरणाऱ्या बागेत झाडाच्या सावलीखाली तो घालूच नका, बारीक मुळं वरच्या फूटभर थरात असतात. भाड्याचा असेल तर दुसऱ्याच्या रानातली माती दात्यांना घेऊन येतो; शेताच्या तोंडाशी पाणी मारून धुवून घ्या. ड्रायव्हर कुरकुर करतो, करू द्या.

झाड गेलंच असेल तर

अर्ध्याहून जास्त फांद्या वाळल्या असतील तर त्या झाडावर पैसे घालू नका. मुळासकट काढा, जाळा, आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या झाडांची पाण्याची नळी त्या आळ्यातून जात असेल तर ती वळवा. खड्डा एप्रिल-मेमध्ये उघडा ठेवा. माती बाहेर काढून, ओली करून, पारदर्शक पातळ प्लास्टिकखाली चार ते सहा आठवडे तापवा. कडा मातीनं बंद हव्यात, वाफ सुटली तर काही उपयोग नाही. काळं प्लास्टिक इथं चालत नाही, ते स्वतःच तापतं आणि माती तेवढी तापत नाही. नंतर खड्डा भरताना निंबोळी पेंड आणि ट्रायकोडर्माचं खत.

आणि नवं रोप. पुष्कळ बागांत सूत्रकृमी आले ते पिशवीतूनच. नर्सरीत पानं तुकतुकीत दिसतात, खालची माती कोणत्या शेतातून आणली ते कोणी विचारत नाही. लॉटमधलं एखादं रोप विकत घेऊन तिथंच पिशवी फाडा, बादलीत मुळं धुवा आणि गाठी आहेत का बघा. असं करू द्यायला नर्सरीवाला तयार नसेल तर रोपं दुसरीकडून घ्या.